वाचकांचे प्रश्न : स्थानकाकडे निघणाऱ्या मालाची तयारी

मागील अंकात आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाला माल पुरवणाऱ्या यानांची ओळख करून दिली होती. रशियाचे प्रोग्रेस, अमेरिकेची ड्रॅगन आणि सिग्नस, जपानचे कोउनोतोरी अशा यानांची त्यात थोडक्यात माहिती होती. त्यावर आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख एकाच बाजूला आहे : यान आकाशात गेल्यावर काय होते हे समजले, पण ते जमिनीवर असताना नेमके काय चालते? हे पत्रलेखक योग्य ठिकाणी थांबून विचारत आहेत, असे मला वाटते, कारण या कामाचा मोठा भाग जमिनीवरच होतो. पत्रांमधून निवडलेले सात प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : मालवाहू यानात माणसे नसतात. तरीही त्याची तयारी कित्येक महिने का चालते? एखाद्या मोठ्या वाहनात सामान भरून ते रवाना करण्यापेक्षा यात वेगळे काय आहे?

उत्तर : वाहनाच्या बाबतीत आपला विचार सामान चढवण्यापासून सुरू होतो, तर येथे तो उतरवण्यापासून सुरू होतो. स्थानकावर कोणत्या महिन्यात किती माणसे असतील, यान जोडण्याची कोणती जागा त्या वेळी मोकळी असेल, आलेले सामान काढून जागच्या जागी लावायला अंतराळवीरांकडे किती तास असतील आणि परतताना यानाने काय घेऊन जायचे आहे, हे आधी ठरते. मग मागे मागे येत प्रक्षेपणाची तारीख काढली जाते. दरम्यान दुसरे यान लांबले, एखादा पंप बिघडला किंवा अवकाशात बाहेर पडून करायचे काम पुढे ढकलले गेले, की मालाची यादी पुन्हा मांडावी लागते. या सगळ्या तयारीत सर्वांत चिवट काम कोणते, असे मला कोणी विचारले, तर मी इंजिनाचे किंवा इंधनाचे नाव घेणार नाही. मी या यादीचे नाव घेईन.

यादीत आलेली प्रत्येक वस्तू तपासणीतून जाते. स्थानक हे बंद घर आहे आणि तेथील हवा पुन्हा पुन्हा शुद्ध करून तीच वापरायची असते. त्यामुळे एखाद्या प्लॅस्टिकमधून किंवा गोंदातून कोणती वाफ बाहेर पडते, वस्तू पेट घेते का, पेटलीच तर आग पसरते का, बॅटरी तापून फुटण्याची शक्यता आहे का, हे आधी पाहिले जाते. धारदार कडांचीही तपासणी होते. जमिनीवर बोटाला लागलेला ओरखडा किरकोळ असतो. पण अंतराळ पोशाखाच्या हातमोज्याला पडलेली चीर किरकोळ नसते, म्हणून अशा पोशाखाशी संबंध येणाऱ्या वस्तूंच्या कडा विशेष काळजीने पाहिल्या जातात.

त्यानंतर बांधाबांध येते. बहुतेक सामान ठरलेल्या मापाच्या, आगीला दाद न देणाऱ्या कापडाच्या पिशव्यांत भरतात. सर्वसाधारण पिशवीचे माप सुमारे ५० सेंटिमीटर लांब, ४२ सेंटिमीटर रुंद आणि २५ सेंटिमीटर उंच असते. तिच्या निमपट, दुप्पट, तिप्पट मापाच्या पिशव्याही असतात. समजा, आत एक सुटा पंप ठेवायचा आहे. प्रक्षेपणाच्या वेळी सगळे यान थरथरत असते, म्हणून पंपाच्या आकाराचा खळगा कोरलेल्या फोममध्ये तो बसवतात. तो हाताने हलवून पाहिला तर हलता कामा नये, आणि तरीही फोमने त्याला इतके आवळता कामा नये की त्याचे नाजूक जोड दाबले जातील. मग छायाचित्र घेतात, पिशवीवर आणि आतल्या वस्तूवर पट्टीसंकेत (बारकोड) चिकटवतात आणि ही पिशवी यानात कोणत्या जागी राहील व स्थानकात कोणत्या कप्प्यात जाईल याची नोंद करतात. स्थानकावर कित्येक हजार वस्तू आहेत आणि त्यांना एका जागी ठेवणारे गुरुत्व तेथे जाणवत नाही; नोंद चुकली, तर वस्तू असूनही हरवल्यासारखी होते.

पिशव्या यानात रचण्यालाही शिस्त असते. अनेकदा वजनाची मर्यादा गाठण्याआधीच जागा संपते. शिवाय यानाचा गुरुत्वमध्य, म्हणजे सगळे वजन जेथे तोलले जाते तो बिंदू, ठरलेल्या मर्यादेत राहिला पाहिजे, कारण अवकाशात यान वळवणारी लहान इंजिने त्या मध्याच्या हिशेबानेच ढकलतात. जड पिशव्या एकाच बाजूला गेल्या, तर प्रत्येक ढकलण्याबरोबर यान थोडे थोडे फिरू लागते आणि ते सावरण्यात इंधन वाया जाते. म्हणून प्रत्येक पिशवीचे वजन करतात, आणि शेवटच्या आठवड्यात कोणी ‘एवढी एकच लहान पेटी’ घालायला सांगितली, तरी संपूर्ण मांडणीचे गणित नव्याने करावे लागते.

प्रश्न : काही प्रयोगांचे साहित्य प्रक्षेपणाच्या अगदी आदल्या दिवशी यानात ठेवतात, असे वाचले. एवढ्या शिस्तीच्या कामात ही शेवटच्या घटकेची धावपळ कशासाठी?

उत्तर : तिला धावपळ म्हणण्यापेक्षा वेगळी ठेवलेली पंगत म्हणावे. काही गोष्टी थांबू शकत नाहीत. जिवंत पेशी, जिवाणूंची वाढ, नुकतीच रुजत घातलेली बियाणी, उंदीर, गोठवलेले नमुने या सर्वांचे घड्याळ यानाच्या घड्याळाहून वेगळे चालते. म्हणून यानाची रचना करतानाच शेवटच्या सुमारे चोवीस तासांत उघडता येईल अशी वाट आणि पटकन बसवता येतील असे कप्पे ठेवलेले असतात. जानेवारी २०२४ मध्ये सिग्नस यान प्रथमच फाल्कन ९ अग्निबाणावरून गेले, तेव्हा त्याच्यावरील संरक्षक कवचाच्या बाजूला याच कारणासाठी खास दार केले होते. कवच एकदा बंद झाले की आतल्या यानापर्यंत हात पोहोचण्याचा दुसरा मार्ग नव्हता.

शीतपेट्यांची कथा अशीच आहे. काही नमुने शून्याखाली ८० अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवावे लागतात. प्रयोगशाळेतून निघाल्यापासून स्थानकातल्या शीतकपाटात जाईपर्यंत ही थंडीची साखळी कोठेही तुटता कामा नये. त्यामुळे यानात विजेवर चालणाऱ्या पेट्या असतात आणि त्यांना वीज कोणत्या क्षणी जमिनीवरून मिळेल व कोणत्या क्षणी यानातून, हेही प्रक्षेपणाच्या वेळापत्रकात लिहिलेले असते.

ही शेवटची भर किती नाजूक असते, हे डिसेंबर २०१८ मध्ये दिसले. फ्लोरिडातून ड्रॅगन यान स्थानकाकडे जायचे होते. अडीच टनांच्या आसपास माल, तयार अग्निबाण, सज्ज तळ, असे सगळे जुळलेले होते. तेवढ्यात प्रयोगातल्या उंदरांसाठी तयार केलेल्या खाद्याच्या वड्यांवर बुरशी आढळली. प्रक्षेपण एक दिवस पुढे गेले, नवे खाद्य आणले गेले आणि ५ डिसेंबर रोजी यान निघाले. हा प्रसंग मला महत्त्वाचा वाटतो. काही टन वजनाच्या मोहिमेपुढे उंदराच्या खाद्याचे काय मोल, असे तेथे कोणीही म्हटले नाही. उंदरांनी ते खाल्ले असते, तर प्राणी आजारी पडले असते आणि अनेक वर्षे आखलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष निरर्थक ठरले असते. वडी उचलून नीट पाहणारा कोणीतरी माणूस तेथे होता, याला मी तयारी म्हणतो.

प्रश्न : प्रक्षेपणाची वेळ ‘एकाच क्षणाची’ असते, पाच मिनिटांचाही उशीर चालत नाही, असे का? दिवसभरात केव्हाही सोडून यान नंतर स्थानकाकडे वळवता येणार नाही का?

उत्तर : स्थानकाची कक्षा ही पृथ्वीभोवती तिरपी बसवलेली एक मोठी कडी आहे, असे डोळ्यांसमोर आणावे. विषुववृत्ताशी तिचा कोन ५१.६ अंशांचा आहे आणि जमिनीपासून उंची सुमारे ४०० किलोमीटर. स्थानक त्या कडीवरून सेकंदाला साडेसात किलोमीटरहून अधिक वेगाने धावते आणि दर दीड तासाला एक फेरी पूर्ण करते. कडी मात्र अवकाशात जवळजवळ एकाच रोखाने राहते आणि तिच्या आत पृथ्वी स्वतःभोवती फिरते. त्यामुळे प्रक्षेपणतळ दिवसातून दोनच वेळा या कडीच्या बरोबर खाली येतो. फ्लोरिडातील तळावरून त्यांपैकी एकाच वेळी, म्हणजे कडी ईशान्येकडे जात असताना उड्डाण करतात. त्या वाटेवर खाली समुद्र असतो, दुसरी वाट आग्नेयेकडे लोकवस्तीच्या बेटांवरून जाते.

आता पाच मिनिटे उशीर झाला असे धरू. पृथ्वी चार मिनिटांत एक अंश वळते. पाच मिनिटांत तळ इतका पुढे सरकतो की यानाची कक्षा आणि स्थानकाची कक्षा यांच्या प्रतलांत, म्हणजे त्या ज्या सपाटीत बसतात तिच्यात, सुमारे एक अंशाचा फरक पडतो. ऐकायला हा फरक क्षुल्लक वाटतो. परंतु एवढ्या वेगाने जाणाऱ्या वस्तूची दिशा एका अंशाने बदलण्यासाठी सेकंदाला सुमारे १३० मीटर इतका वेगबदल करावा लागतो, आणि त्यासाठी लागणारे इंधन मालाच्या वजनातून वजा होते. अग्निबाण चढतानाच थोडेफार वळून हा फरक भरून काढू शकतो, म्हणून काही अग्निबाणांना काही मिनिटांची सवलत असते. ज्यांच्यात ती नसते किंवा इंधनाच्या थंडपणामुळे ज्यांना थांबता येत नाही, त्यांच्यासाठी तो एकच क्षण असतो. इंधनाचा हा मुद्दा पुढच्या उत्तरात येईल.

आज संधी हुकली, तर उद्या त्याच वेळी पुन्हा प्रयत्न करता येत नाही. पृथ्वी विषुववृत्तापाशी थोडी फुगीर असल्यामुळे स्थानकाची कडी रोज सुमारे पाच अंश पश्चिमेकडे सरकते. त्यात सौरदिवस (सूर्याच्या संदर्भात मोजलेला दिवस) आणि नाक्षत्रदिवस (ताऱ्यांच्या संदर्भात मोजलेला दिवस) यांतील चार मिनिटांचा फरक मिळवला, की संधी रोज २३ ते २४ मिनिटे अलीकडे येते. एका आठवड्याच्या विलंबाने रात्रीचे प्रक्षेपण संध्याकाळचे होऊ शकते, आणि तळावरच्या सर्व लोकांच्या पाळ्या त्याप्रमाणे बदलाव्या लागतात.

कडी गाठल्यावरही स्थानक त्या कडीवर नेमके कोठे आहे, हा प्रश्न उरतो. यान प्रथम खालच्या कक्षेत जाते. तेथे फेरी लवकर पूर्ण होते, दर फेरीत चारएक मिनिटांची आघाडी मिळते आणि यान स्थानकाला मागून गाठते. प्रक्षेपणाच्या वेळी स्थानक अनुकूल जागी असले आणि गणित फार काटेकोर असले, तर हा पाठलाग आखूड होतो : जुलै २०१८ मध्ये एका प्रोग्रेस यानाने कझाकस्तानातील बायकोनूर तळावरून निघून ३ तास ४० मिनिटांत स्थानक गाठले. अन्यथा एक ते दोन दिवस लागतात. मालाला घाई नसेल, तर त्यात काही बिघडत नाही.

प्रश्न : शेवटच्या एका तासात तळावर काय काय घडते? पडद्यावर आकडे उलटे मोजले जाताना दिसतात, पण प्रत्यक्षात काय चालू असते ते कळत नाही.

उत्तर : प्रत्येक अग्निबाणाचा क्रम वेगळा असतो, म्हणून एकच उदाहरण घेतो. फाल्कन ९ मध्ये केरोसीनच्या जातीचे शुद्ध इंधन आणि द्रव ऑक्सिजन जळतात. ऑक्सिजन साधारण दाबाला शून्याखाली १८३ अंशांवर उकळतो. येथे मात्र तो शून्याखाली सुमारे २०७ अंशांपर्यंत गार केलेला असतो आणि इंधनही शून्याखाली ७ अंशांच्या आसपास असते. थंड द्रव दाट होतो, त्यामुळे तेवढ्याच टाकीत अधिक मावतो. हा लाभ मोठा आहे, पण त्यामुळे वेळेच्या बाबतीत काहीही हात सैल सोडता येत नाही. टाकीत गेल्यापासून तो ऑक्सिजन तापू लागतो. म्हणून तो आधी भरून ठेवता येत नाही. उड्डाणाला ३८ मिनिटे उरली असताना प्रक्षेपण संचालक अनुमती देतो, ३५ मिनिटे उरली असताना भरणे सुरू होते आणि ते जवळजवळ शेवटपर्यंत चालते. भरून झाल्यावर ‘जरा थांबू या’ असे म्हणण्याची सोय नसते. रशियाच्या सोयूझ अग्निबाणाची रीत निराळी आहे : त्यात काही तास आधी भरतात आणि उकळून जाईल तेवढा ऑक्सिजन वरून पुन्हा घालत राहतात.

सात मिनिटे उरली असताना इंजिनांत थोडा गार ऑक्सिजन सोडतात. हे फार महत्त्वाचे आहे. ऊबदार धातूच्या पंपात अचानक इतका थंड द्रव घुसला, तर धातूला तडा जाऊ शकतो किंवा द्रवाची वाफ होऊन पंप रिकामा फिरू शकतो. म्हणून इंजिन आधी थंडीला सरावते. शेवटच्या एका मिनिटात सगळा ताबा अग्निबाणावरच्या संगणकाकडे जातो. टाक्यांमध्ये उड्डाणाचा दाब भरला जातो, ४५ सेकंद उरली असताना माणसाच्या तोंडची शेवटची होकाराची घोषणा होते आणि साधारण ३ सेकंद आधी नऊ इंजिने पेटतात. इंजिने पेटली तरी अग्निबाण सुटलेला नसतो. त्याला जमिनीशी धरून ठेवलेले असते आणि तेवढ्या वेळात संगणक प्रत्येक इंजिनाचा दाब वाचून घेतो.

त्या काही क्षणांचे मोल १९ मे २०१२ रोजी दिसले. खासगी कंपनीचे ड्रॅगन यान प्रथमच स्थानकाकडे जाणार होते. इंजिने पेटली, आणि उड्डाणाला अर्धा सेकंद उरला असताना संगणकाने ती बंद केली, कारण मधल्या इंजिनातील दाब मर्यादेबाहेर गेला होता. तपासणीत एक झडप सदोष निघाली. ती त्याच दिवशी बदलण्यात आली, २२ मे रोजी यान निघाले आणि २५ मे रोजी स्थानकाला जोडले गेले. ते थांबणे अपयश म्हणून दाखवले गेले, याचे मला वाईट वाटते. यंत्रणेने जे करायला हवे होते तेच केले.

प्रश्न : आकाश निरभ्र दिसत असतानाही हवामानामुळे प्रक्षेपण रद्द झाल्याच्या बातम्या येतात. हे कसे?

उत्तर : पावसापेक्षा विजेची भीती अधिक असते, आणि तीही आकाशात चमकणाऱ्या विजेचीच नव्हे. अग्निबाण आणि त्याच्यामागची तप्त वायूंची लांब शेपटी मिळून विजेला वाहक वाट तयार होते. आपणहून वीज पडली नसती अशा ढगातही ती पाडली जाते. १४ नोव्हेंबर १९६९ रोजी अपोलो १२ च्या अग्निबाणाला उड्डाणानंतर ३६ सेकंदांनी आणि पुन्हा ५२ सेकंदांनी वीज लागली. अंतराळवीर आणि नियंत्रण कक्ष यांच्या प्रसंगावधानामुळे मोहीम वाचली. २६ मार्च १९८७ रोजी एका अ‍ॅटलास-सेंटॉर अग्निबाणाचे नशीब तसे नव्हते. विजेने त्याच्या संगणकाची स्मृती बिघडवली, तो भलतीकडे वळला आणि नष्ट करावा लागला. त्या अनुभवांतून आलेला अमेरिकेतील नियम सांगतो की उड्डाणमार्गापासून सुमारे १८ किलोमीटरच्या आत वीज चमकली असेल, तर साधारणपणे अर्धा तास जाऊ द्यावा. तळाभोवती जमिनीवरील विद्युतक्षेत्र मोजणारी उपकरणे बसवलेली असतात. याखेरीज दहा-बारा किलोमीटर उंचीवरचे वारे असतात. खाली पान हलत नसताना वर ते इतके बदलत असू शकतात की अग्निबाणाच्या सडपातळ देहावर वाकवणारा ताण येतो. हे वारे फुगे सोडून मोजतात. निरभ्र दिसणाऱ्या आकाशातली अडचण बहुधा हीच असते.

प्रश्न : मालवाहू यान वाटेतच नष्ट झाले, तर स्थानकावरच्या लोकांचे काय? ते उपाशी राहण्याची वेळ कधी आली आहे का?

उत्तर : तशी वेळ येऊ नये यासाठी साठा असा राखतात की एखादी फेरी हुकली, तरी काही महिने निभावेल. तरीही आठ महिन्यांचा एक काळ असा आला होता की या हिशेबाची खरी परीक्षा झाली. २८ ऑक्टोबर २०१४ रोजी सिग्नस यान घेऊन निघालेला अँटारेस अग्निबाण तळावरून उठल्यानंतर काही सेकंदांतच कोसळला. २८ एप्रिल २०१५ रोजी निघालेले प्रोग्रेस अग्निबाणापासून सुटताना बिघडले, गरगरत राहिले आणि ८ मे रोजी वातावरणात जळून गेले. २८ जून २०१५ रोजी ड्रॅगन घेऊन जाणारा फाल्कन ९ उड्डाणानंतर १३९ सेकंदांनी फुटला. दुसऱ्या टप्प्याच्या ऑक्सिजन टाकीत हेलियमची कुपी धरून ठेवणारा एक आधारदांडा तुटला होता. तीन वेगवेगळी याने, तीन वेगवेगळे अग्निबाण आणि तीन वेगवेगळी कारणे.

स्थानकावर कोणी उपाशी राहिले नाही. ३ जुलै २०१५ रोजी पुढचे प्रोग्रेस निघाले आणि दोन दिवसांनी पोहोचले. ऑगस्टमध्ये जपानचे कोउनोतोरी गेले. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेचे जे भाग ड्रॅगनबरोबर नष्ट झाले होते, त्यांच्या बदली त्यात तातडीचे सामान शेवटी शेवटी घालण्यात आले. मालाच्या तयारीचा अर्थ मला या प्रसंगात सर्वाधिक जाणवतो. महत्त्वाची वस्तू एकाच यानावर अवलंबून ठेवायची नाही, अन्न, पाणी आणि गाळण्या वेगवेगळ्या देशांच्या, वेगवेगळ्या अग्निबाणांच्या फेऱ्यांमध्ये वाटायच्या, हा विचार यादी करताना कोणीतरी आधीच केलेला होता म्हणून ते महिने निभावले.

गणिताचा अंदाज यावा म्हणून एवढे सांगतो : एका अंतराळवीराला दिवसाला सुमारे पावणेचार लिटर पाणी लागते. ते सगळे पाणी पृथ्वीवरून न्यायचे झाले, तर सात माणसांसाठी वर्षाला नऊ टनांहून अधिक भार केवळ पाण्याचा होईल. म्हणूनच मूत्र, घाम आणि श्वासातील बाष्प यांपासून पाणी परत मिळवतात, आणि हे प्रमाण ९८ टक्क्यांपर्यंत गेल्याचे नासाने २०२३ मध्ये जाहीर केले. यंत्रणा चालत असली, की पाणी थोडे पाठवावे लागते. पण तिच्या गाळण्या आणि सुटे भाग मात्र पाठवावेच लागतात, आणि त्यांचे महत्त्व त्यांच्या वजनावरून कळत नाही.

हानी मालाचीच झाली, असे म्हणून हे उत्तर मला संपवता येत नाही. अँटारेसबरोबर शाळकरी मुलांनी तयार केलेले प्रयोगही जळाले. मुलांनी ते पुन्हा बांधले आणि जानेवारी २०१५ मध्ये ड्रॅगनमधून ते स्थानकावर गेले.

प्रश्न : यान पोहोचल्यावर सामान कोणत्या क्रमाने काढतात? आणि रिकाम्या यानाचे पुढे काय होते?

उत्तर : यान जोडल्याबरोबर दार उघडत नाहीत. जोडाच्या कडेने हवा गळत नाही ना, हे दाब मोजून पाहतात, दोन्ही बाजूंचा दाब सारखा करतात आणि मगच आत जातात. पहिल्यांदा शीतपेट्या आणि जिवंत प्राणी बाहेर येतात. शेवटी चढवलेले सामान दाराजवळ असते, म्हणून ते प्रथम हाती लागते. आदल्या दिवशी चढवताना दिसलेली घाई या क्षणासाठी होती. ताजी फळे पाठवली असली, तर तीही लवकर काढतात; पाकिटातल्या अन्नावर महिने काढलेल्या माणसांना त्या संत्र्यांचा वास किती प्रिय असतो, हे अनेक अंतराळवीरांनी आवर्जून सांगितले आहे.

बाकीच्या पिशव्या यादीप्रमाणे सावकाश काढल्या जातात, आणि रिकाम्या होत जाणाऱ्या जागेत दुसरी भरती सुरू होते. ड्रॅगन समुद्रात उतरते, त्यामुळे प्रयोगांचे नमुने आणि दुरुस्तीसाठी परत न्यायची यंत्रे त्यात जातात. गोठवलेले नमुने येथेही अगदी शेवटी ठेवतात. प्रोग्रेस आणि सिग्नस परत येत नाहीत. ती वातावरणात जळून जातात, म्हणून त्यांच्यात वापरलेल्या पिशव्या, जुने कपडे, निकामी गाळण्या आणि इतर कचरा भरतात. प्रोग्रेस जाण्यापूर्वी आपल्या टाक्यांतले इंधन स्थानकाला देते; असे इंधन देण्याची सोय २० जानेवारी १९७८ रोजी सॅल्यूत ६ या सोव्हिएत अंतराळ स्थानकाकडे निघालेल्या पहिल्या प्रोग्रेसपासून आहे.

या कचऱ्याच्या पिशव्याही वाटेल तशा कोंबत नाहीत. स्थानकापासून सुटताना यानाला नेमक्या दिशेने मागे सरायचे असते, त्यामुळे गुरुत्वमध्याचा हिशेब तेव्हाही लागू असतो. कोणती पिशवी कोणत्या जागी बांधायची याची यादी जमिनीवरून येते, आणि अंतराळवीर ती पाहून एकेक पट्टा आवळत जातात.